बाराव्या रकान्यातलं पाकीट

सांगतो, पण आधीच बजावून ठेवतो, यातलं अक्षरही कुणी खरं मानणार नाही. मागे एकदा हीच गोष्ट मी एका न्यायाधीशांना ऐकवली. ते म्हणाले, शपथेवर सांगितलीस तरी मी लिहून घेणार नाही. तेव्हा ज्यांना खरं-खोटं करत बसायचंय त्यांनी आत्ताच चहाचा कप उचलावा आणि पलीकडच्या टेबलावर जावं. कोर्टाच्या कँटीनमध्ये जागेला तोटा नाही. कुणी उठत नाही? बरं. खिडकीशी बसलेल्या वकीलबाई, तुमचं चालू द्या. कागदांना टाचण्या मारता मारता ऐकलंत तरी चालेल.

तर एक मुलगी होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. अंगानं इतकी बारीक, की दाराच्या फटीतून आत यायची आणि मग आलोच आहोत तर म्हणून दार उघडायची. सगळे तिला टाचणी म्हणायचे. एक तर त्या अंगलटीमुळे, आणि दुसरं म्हणजे कुणाची चूक दिसली की टोचल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

या टाचणीला तिच्या मॅडमनी कामाला लावलं होतं. मॅडम अभ्यास करत होत्या, की अमली पदार्थांच्या खटल्यात माणसाला शिक्षा होते ती नेमकी कशावरून. कायद्यात रेघ होती पन्नास ग्रॅमची. पन्नासच्या आत सापडलात तर फार तर तीन वर्षं. पन्नासच्या वर गेलात की दहा, आणि त्यातला एक दिवस कमी करायची न्यायाधीशालाही मुभा नव्हती. मॅडम म्हणायच्या, या रेघेनं आजवर किती माणसं कापली ते मला मोजून हवंय.

मोजायचं कसं, तर दप्तरखान्यात बसून जुन्या फायली वाचायच्या आणि एकेका फायलीचा एकेक तक्ता भरायचा. एकेचाळीस रकान्यांचा. पोलिसाला संशय का आला, तो पाचवा रकाना. माल कुठे सापडला, सातवा. आरोपी काय म्हणाला, नववा. ते कोर्टानं मानलं का, दहावा. आणि वजन, बारावा. नियम असा, की एकच फाईल दोघींनी वाचायची, वेगळ्या टेबलांवर, एकमेकींशी चकार शब्द न बोलता. मग दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवायचे. जुळले तर उत्तम. नाही जुळले तर फाईल पुन्हा उघडायची, आणि जिचं चुकलं तिनं संध्याकाळी मॅडमसमोर उभं राहून म्हणायचं, माझं चुकलं.

टाचणीची जोडीदारीण होती एक गोलमटोल, शांत मुलगी. तिला कासव म्हणत. तीनशे बारा फायली झाल्या होत्या. कासव एकोणीस वेळा माझं चुकलं म्हणून मोकळं झालं होतं. टाचणी एकदाही नाही. आणि हे ती रोज कुणाला तरी सांगायची.

तीनशे तेरावी फाईल होती एका सुताराची. शिक्षा दहा वर्षं, चार भोगून झालेली, अपील चालू. बाराव्या रकान्यात टाचणीनं लिहिलं होतं बावन्न. कासवानं लिहिलं होतं सत्तेचाळीस.

“बावन्नच आहे,” टाचणी म्हणाली. “पंचनाम्यात आकडी आहे, अक्षरीही आहे.”

“ते पाकिटासकट गं. प्रयोगशाळेच्या पत्रामागे पेन्सिलीनं पाच लिहिलंय. ते पाकिटाचं वजन असणार.”

“असणार? आपण रकान्यात ‘असणार’ लिहितो का?”

“मग तूच बघ परत. सुतारही अपिलात तेच म्हणतोय, की माल कमी आणि कागद जास्त. परत वजन करा म्हणून मागे लागलाय.”

हे झालं एक वाजता, आणि एकला दप्तरखाना जेवायला बंद व्हायचा. दप्तरखाना सांभाळायचे दप्तरकाका. त्यांची ओळख करून देतो. उंचापुरा, देखणा गडी, सिंहासारखी छाती. भीती नावाची चीज त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

“कोण, दप्तरकाका?” समोर बसलेला टायपिस्ट म्हणाला. “ते झुरळ बघून खुर्चीवर...”

मध्ये बोलू नका. तर काकांचा नियम एकच. फाईल खोलीबाहेर जाणार नाही. पाचला ते फायली मोजून लावायचे, आणि एक जरी कमी भरली तरी थेट पोलिसांत कळवायचे. टाचणीला हे पाठ होतं. पण संध्याकाळी मॅडमसमोर उभं राहायचं होतं, आणि माझं चुकलं हे शब्द तिच्या घशातून वर येणारे नव्हते. तिनं विचार केला, घर बसनं दहा मिनिटांवर. जेवता जेवता पान अन् पान बघते, दार उघडायच्या आत फाईल जागेवर. कुणाला कळणार आहे? फाईल बॅगेत गेली.

घरी आई आणि ती, दोघीच. आई शिवणकाम करायची. तिचं मशीन, जेवणाचं टेबल आणि इस्त्री, सगळं एकाच खोलीत. आईनं अंडी उकडायला ठेवली होती. टाचणीनं टेबलावरची कापडं सरकवली आणि फाईल उघडली. पंचनामा, साक्षी, प्रयोगशाळेचं पत्र. अगदी शेवटी सुताराच्या दुकानाचा नकाशा होता, आठ घड्या घातलेला. नकाशात वजन कशाला असेल म्हणून दोघींनीही तो कधी उलगडला नव्हता. आज तिनं उलगडला.

नकाशामागे, फायलीच्याच दोऱ्यात ओवलेलं, एक जाड खाकी पाकीट होतं. तोंडाला लाखेचा लाल शिक्का. वर खटल्याचा क्रमांक, आणि खाली: तपासणीनंतर उरलेला माल.

असं पाकीट असायचं मुद्देमालाच्या खोलीत, दोन कुलपांच्या आत. कुण्या आळशी माणसानं, तो कोण ते देवालाच ठाऊक, ती खोली बंद दिसली म्हणून उद्यापुरतं ते फायलीला बांधलं असणार. आणि तो उद्या चार वर्षं उजाडला नव्हता.

आता तुमच्या-माझ्यासारख्याला एवढंच कळलं असतं की काहीतरी भयंकर झालंय. टाचणीला किती भयंकर, ते महिन्यापर्यंत माहीत होतं. तीनशे बारा फायलींनी तिच्या डोक्यात आपोआप तक्ता भरायला घेतला. कुठे सापडला: राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर. वजन: बावन्न. आरोपी काय म्हणाला: माझं नाही, मला माहीतच नव्हतं. असं म्हणणारे एकशे अठ्ठेचाळीस होते. कोर्टानं मानलं दोघांचं, आणि त्या दोघांतला एक निकालाआधीच वारला होता. घरात आणखी कोण होतं, हाही एक रकाना होता. तिथे अकरा वेळा एकच शब्द आलेला: आई. त्या अकराही जणी आत होत्या.

“लाखेचा शिक्का?” आई पाठीमागून म्हणाली. “कुणाचं लग्न ठरलं काय?” आणि ओला हात पुसत पुढे केला.

“हात लावू नकोस.”

“अगं, बघते नुसतं.”

“आई, मागे हो. भिंतीपर्यंत मागे हो.”

आई खरोखर भिंतीपर्यंत गेली. लेकीचं तोंड पाहून बिचारीनं कारणही विचारलं नाही. टाचणीचं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की शिवणमशीन आपोआप चालू झालं आणि त्यानं एका पायजम्याची उजवी शिवण पूर्ण मारली. सरळ आली होती म्हणे.

मॅडमना फोन लावला. त्या वर्गावर, फोन बंद. मग कासवाला लावला.

“फेकून दे,” कासव म्हणालं. “पाण्यात सोड, पाकीट जाळ, फाईल आणून ठेव.”

“आणि सुताराचं काय? तो परत वजन करा म्हणतोय. वजन करायला जगात एवढंच उरलंय, कासवा. हे फेकलं की त्याची उरलेली सहा वर्षं कायमची.”

“मग पोलिसांना फोन कर. खरं खरं सांग.”

“स्वतःहून सांगायला गेलेले किती होते आपल्या तक्त्यात?”

“सहा.”

“सुटले किती?”

“एकही नाही,” कासव म्हणालं. दोघींनी तो आकडा मिळूनच काढला होता.

म्हणजे फेकता येत नव्हतं, घरात ठेवता येत नव्हतं, कुणाला सांगता येत नव्हतं. उरला एकच मार्ग. पाकीट होतं तसं, फायलीत, बॅगेत घालून, भर दुपारी सगळ्या गावातून परत न्यायचं. निघताना आईनं अंड्यांचा डबा बॅगेत वरच कोंबला. “उपाशी जाऊ नकोस. काय असेल ते असो, रस्त्यात खा.” टाचणीला नाही म्हणायला तोंडात थुंकी नव्हती.

बसथांब्यावर रांग होती. रांगेच्या पुढच्या टोकाला दोन पोलीस, आणि त्यांच्याजवळ कुत्रा. काळा, वासरू वाटावं एवढा. एकेकाची बॅग हुंगून तो पुढे सरकत होता.

पहिला विचार आला, वळावं आणि चालू लागावं. एक पाऊल उचललंही. तोच पाचवा रकाना डोळ्यांपुढे आला. संशय का आला: पोलिसांना पाहून रांग सोडली. सत्तावीस फायली या एका वाक्यानं सुरू झाल्या होत्या. पाऊल जागच्या जागी खाली आलं. मग वाटलं, त्यांच्याकडे बघूच नये. पण नजर चुकवत होता, असेही चौतीस होते. टक लावून बघत होता, असे बारा. घामाघूम झाला होता, असे साठ. विनाकारण हसला, असे नऊ. म्हणजे बघायचं नाही, न बघायचं नाही, हसायचं नाही, घामानं यायचं नाही. जगात एकही उभं राहणं उरलं नव्हतं जे कुठल्या ना कुठल्या फायलीत नव्हतं.

आणि घाम तर दरदरून येत होता. इतका आला की पुढच्या माणसानं हात पसरून आभाळाकडे बघितलं आणि छत्री उघडली. मागच्या बाईनं विचारलं, “बरं वाटत नाही का गं? थरथरतेयस.”

“नाही, मी... मला... बस...” बोबडीच वळली.

“पोलिसांना सांगू का? पाणी आणतील ते.”

“नको,” टाचणी म्हणाली. तो एक शब्द मात्र अगदी स्पष्ट आला, आणि तो ऐकून दोघांतला जाडा पोलीस इकडे बघायला लागला.

कुत्रा आला. छत्रीवाल्याला त्यानं सोडलं. टाचणीच्या बॅगेशी आला, नाक लावलं, एकदा, दोनदा. मग मागचे पाय दुमडून शांतपणे खाली बसला.

कुत्रा बसला, म्हणजे काय ते तिला माहीत होतं. एकोणीस फायलींत तीन शब्दांचं एक स्वतंत्र वाक्य होतं: कुत्रा खाली बसला. त्याच्यानंतर त्या फायलींत आरोपीच्या बाजूनं एक ओळही कुणी लिहिलेली नव्हती. तिला आई दिसली, भिंतीला पाठ लावून उभी. तिनं मनातल्या मनात शिक्षेचा रकाना भरून टाकला आणि पूर्णविराम दिला.

“बॅग उघड,” जाडा म्हणाला.

चेन अर्धी उघडली. वर डबा होता. जाड्यानं डबा काढला, झाकण उघडलं. आत तीन उकडलेली अंडी. कुत्र्यानं त्याच्याकडे बघितलं, जाड्यानं कुत्र्याकडे बघितलं, आणि दुसरा पोलीस, जो कुत्र्याची दोरी धरून होता, तो लाजेनं लालेलाल झाला.

“परत?” जाडा म्हणाला.

“साहेब, सकाळपासून उपाशी आहे तो.”

“काल एका म्हातारीच्या पिशवीतल्या मटणावर बसला. परवा केकवर. वर काय कळवू मी? श्वानानं डबा पकडला?”

तोवर श्वानानं अंडी खाल्ली होती. तिन्ही. मग डबा खाल्ला.

“डबाही?” कँटीनच्या कोपऱ्यातल्या शिपायानं विचारलं.

झाकण ठेवलं. अ‍ॅल्युमिनियमचं होतं, त्याला सोसत नसे. मग तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला, उजवा पंजा कपाळाला लावून टाचणीला कडक सलाम ठोकला, आणि बस आली तेव्हा तिच्यासाठी पंजानं थांबवूनही धरली. जाड्यानं झाकण तिच्या हातात दिलं. “जा तू. डब्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.” बॅगेच्या तळाशी काय आहे हे बघायचं त्याला त्या दिवशी तोंडच उरलं नव्हतं.

टाचणी बसमध्ये चढली आणि उभीच राहिली. रिकामी जागा होती, पण गुडघे वाकतील याची खात्री नव्हती. सारखं वाटत होतं, आपल्या पाठीवर आकडा लिहिलाय आणि सगळी बस तो वाचतेय. मागे कुणी खोकलं की ती म्हणे, आता. कंडक्टरनं तिकीट म्हटलं तर हिनं दोन्ही हात वर केले.

कोर्टाच्या फाटकावर बॅगा यंत्रातून जायच्या. पट्टा सुरू झाला आणि बॅग त्या काळ्या तोंडात गेली. पडद्याशी बसलेला माणूस वाकला. आणखी वाकला. टाचणीनं डोळे मिटले.

“यात धातूचं गोल काय आहे?”

“झाकण.”

“आणि डबा?”

“कुत्र्यानं खाल्ला,” तिच्या तोंडून निघून गेलं. त्या अख्ख्या दिवसात तिनं बोललेलं हे पहिलं धडधडीत खरं, आणि यंत्रावरचा माणूस एवढा हसला की बॅग पलीकडे कधी पडली ते त्यालाही कळलं नाही.

तीन वाजून दहा मिनिटं. दप्तरखान्यात दप्तरकाका एकटेच. टाचणी आत आली, फाईल टेबलावर ठेवली आणि तिथंच, टेबलाला धरून, खाली बसली. तिला सांगायचं होतं, की मी फाईल नेली, माझं चुकलं, आत असं असं आहे, आणि ते फेकू नका, एका माणसाची सहा वर्षं त्यात आहेत. निघालं एवढंच: “काका, नकाशामागे.”

आता बघा हं, धीर कशाला म्हणतात. दुसरा कुणी असता तर तिथल्या तिथे गारठला असता. काकांनी नकाशा उलगडला. पाकीट एका हाताच्या दोन बोटांत उचललं, फूल धरावं तसं. हात कसा, दगडावरच्या रेघेसारखा, जराही हलत नाही. अंगठ्याच्या नखानं लाखेचा शिक्का उडवला. चिमूटभर पूड जिभेवर ठेवली. आणि ते असे हसले, असे हसले की रॅकवरच्या पन्नास वर्षांच्या फायलींची धूळ एका दमात झडली. म्हणाले, “वेडे पोरी, मीठ आहे हे.”

मीठ. साधं जेवणातलं मीठ. सगळी भीती फुकट गेली, सुतार दुसऱ्या दिवशी सकाळी सुटला, आणि आनंदाच्या भरात त्यानं दप्तरखान्याला असं नक्षीदार दार करून दिलं, की...

“ते मीठ नव्हतं, काका.”

खिडकीशी बसलेल्या वकीलबाई. शेवटची टाचणी मारून झाली होती आणि कागदांचा गठ्ठा त्यांनी बाजूला ठेवला होता.

मी म्हटलं, “अहो बाई, गोष्ट आहे ही.”

“शिवणमशीन चाललं, मी काही बोलले नाही. कुत्र्यानं सलाम केला, तोही मी घेतला. त्यानं अंडी मात्र खरंच खाल्ली होती. पण मीठ नका म्हणू. तपासलेला नमुना धरून सत्तेचाळीस ग्रॅम माल होता तो. कासवाचं बरोबर होतं, आणि मी त्या संध्याकाळी मॅडमसमोर उभी राहून तसं म्हणाले. सुतार दुसऱ्या दिवशी सुटला नाही. अकरा महिने लागले, आणि तेही शिक्का शाबूत होता म्हणून. तुम्ही तो फोडलाच नव्हता.”

टायपिस्ट माझ्याकडे बघत होता.

“आणि एका हातानं नाही,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. “दोन्ही हातांनी धरलं होतंत. मी खाली बसले होते ना, तुमचे हात माझ्या डोळ्यांसमोर होते. माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते. तसेच ते घेऊन तुम्ही मुद्देमालाच्या खोलीकडे गेलात, तुमच्याच सहीनं जमा करायला. मिठाला घाबरून कुणाचे हात असे थरथरतात, काका? ते पाकीट त्या फायलीत तुम्हीच बांधलं होतं ना?”